पाण्यातला नाका

मासे पाळणाऱ्या गोवेकराला गोव्यात कुणी शहाणा म्हणणार नाही. घरात काचेची टाकी आणलीय, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आई क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "नुस्तें खावंक आसता रे, पोसूंक न्हय!"

तिचं चुकलं नव्हतं. पण २०२२ साली बदली होऊन आम्ही पेडण्याहून थेट हैदराबादला, तारनाक्याला आलो आणि आमच्या कन्येला समुद्राची आठवण छळू लागली. समुद्र काही बदलीच्या सामानात बांधून आणता येत नाही. मग गाळलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम तयार मीठ विरघळवून आम्ही तो घरीच बनवला. तीन फुटी टाकी, दोन क्लाउनफिश, एक कोळंबी, चार गोगलगायी. कारकुनाच्या पगारात बसेल एवढा अरबी समुद्र!

तर झालं असं की, तीनेक महिन्यांनी आम्ही एक डॉमिनो आणला. हा मासा काळाकुळकुळीत, पण अंगावर तीन पांढरे ठिपके, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींना एकेक. शास्त्रीय नावातही 'तीन ठिपक्यांचा' हाच अर्थ आहे. दुकानदार मासा पिशवीत भरता भरता म्हणाला, "साब, नवे को पुराने में एकदम नक्को डालो." हैदराबादी बोलीतला हा 'नक्को' म्हणजे आपलाच मराठी 'नको'. तो ऐकून मला इतका आनंद झाला, की त्या शब्दामागचा सल्ला ऐकायचाच राहिला. संध्याकाळी डॉमिनो सरळ मोठ्या टाकीत गेला.

पाचव्या दिवशी कन्या म्हणाली, "बाबा, ह्याला तीनच ठिपके होते ना? आता नऊ आहेत." मिठाचे कण चिकटावेत तसे बारीक दाणे. दुसऱ्या दिवशी क्लाउनफिशच्या परांवरही तेच, आणि मासे दगडाला अंग घासू लागले. मी घाबरून चौकशी सुरू केली, पण तीन दिवसांत सगळे दाणे गळून गेले. मासे पुन्हा खाऊ लागले. "ठिपके गेले म्हणजे बरे झाले ना, बाबा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो, झाले."

त्या 'हो'बद्दल लिहायला आज बसलो आहे.

आठवड्याभरात दाणे परत आले. या वेळी मोजता येणार नाहीत इतके. धाकटा क्लाउनफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होता. शाळेची बस यायच्या आधी तो गेला. कन्या रडली नाही. "तू बरे झाले म्हणाला होतास," एवढंच म्हणाली.

मी कलाशाखेचा पदवीधर. जीवशास्त्राशी संबंध दहावीत सुटला. पण ते वाक्य इतकं लागलं, की त्या रात्रीपासून वाचायला बसलो. रोगाचं नाव क्रिप्टोकॅरिऑन. हा एकपेशीय परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस पोसला जातो. दिसतो तो पांढरा दाणा हाच. पोट भरलं की तो माशाला सोडतो, तळाच्या वाळूवर किंवा दगडावर जाऊन बसतो आणि भोवती कवच करतो. आपण म्हणतो, मासा बरा झाला! कवचाच्या आत मात्र एकाचे दोन, दोनाचे चार होत शेदोनशे पिल्लं तयार होतात. कवच कधी तीन दिवसांत फुटतं, कधी चार आठवड्यांत, क्वचित त्याहूनही उशिरा. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं. खुल्या समुद्रात बहुतेक अशीच मरतात. तीन फुटांच्या टाकीत मासा शोधायला कितीसा वेळ लागणार?

म्हणजे ज्या दिवशी ठिपके गेले, त्याच दिवशी संकट वाळूत बसून वाढत होतं.

हे वाचताना रोनाल्ड रॉस आठवला. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात त्याला दिसला तो याच शहराच्या सिकंदराबाद भागात, २० ऑगस्ट १८९७ रोजी. बेगमपेटची ती इमारत अजून उभी आहे. मलेरियाचा ताप एक दिवसाआड येतो हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. मधल्या दिवशी माणूस उठून बसतो, पेज मागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. परजीवी मात्र रक्तातच असतो. उतरलेला ताप काय आणि गेलेले ठिपके काय, फसवणूक एकाच जातीची.

उपचार सोपा, पण चिकाटीचा. उरलेले दोन मासे एका वेगळ्या, उघड्याबोडक्या टाकीत हलवले. वाळू नाही, प्रवाळाचे तुकडे नाहीत, कारण ते औषध शोषून घेतात. लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे दोन तुकडे आणि एक स्पंजचा फिल्टर. औषध तांब्याचं. माझ्या बाटलीच्या हिशेबानं लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम. याहून कमी झालं तर परजीवीला काही होत नाही, जास्त झालं तर मासाच मरतो. आईनं यावरही विचारलं, "तांब्यातलें उदक बरें न्हय?" माणसाला बरं, पण कोळंबी नि गोगलगायींना ते विष. त्यांना हा रोग होत नाही, म्हणून त्या मोठ्या टाकीतच राहिल्या.

मुख्य गोष्ट अशी, की हे औषध कातडीत दडलेल्या परजीवीला मारत नाही, कवचातल्यालाही नाही. मारतं ते फक्त मोकळं पोहणाऱ्या पिल्लाला. म्हणून ठिपके गेले तरी महिनाभर मात्रा टिकवायची. मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची, म्हणजे तिथली पिल्लं उपाशी मरतात. पाण्याचा खारेपणा हळूहळू निम्म्यावर आणूनही हा परजीवी मारता येतो. पण तिथेही माप रोज पाहावं लागतंच.

रोज माप पाहणं हे तर माझं आयुष्यच! ऑफिसात असते तशी आवक-जावक नोंदवही केली. तारीख, वेळ, तांबं, तापमान, शेरा. सकाळी आठला आणि रात्री आठला काचेच्या नळीतला रंग कन्या तक्त्याशी ताडून पाहायची आणि आकडा मी लिहायचो. पहिले काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. सातव्या दिवशी ठिपके गेले. मी काही बोललो नाही. शेऱ्याच्या रकान्यात तिनंच लिहिलं, 'ठिपके दिसत नाहीत. औषध चालू.' मला वाटतं, त्या दिवशी आमची बोलणी पुन्हा सुरू झाली.

डॉमिनो आणि थोरला क्लाउनफिश वाचले.

आता नियमच आहे. कुठलाही नवा मासा आला की आधी महिनाभर वेगळ्या टाकीत. २०२० साली 'क्वारंटाइन' हा शब्द आपल्या घराघरांत आला, पण तो व्हेनिसच्या बंदरातला जुना शब्द. जहाजांनी चाळीस दिवस लांब थांबायचं, असा त्याचा अर्थ. पोर्तुगीजांचा 'क्वारेंतेना'ही तोच. आणि तारनाका? निजामाच्या काळात इथे आंब्यांची बाग होती, तिला तारेचं कुंपण आणि पहाऱ्याचा नाका होता, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. पत्रादेवीचा नाका ओलांडत लहानाचा मोठा झालेला मी, नाक्याचं महत्त्व शिकायला तारनाक्याला यावं लागलं!

गेल्या हिवाळ्यात आई इथे आली. तेव्हा धाकट्याच्या जागी आणलेला नवा क्लाउनफिश वेगळ्या टाकीत होता. पाइपाच्या तुकड्यातून तोंड काढून बाहेर बघणारा, एकटाच. आई बराच वेळ पाहत राहिली. "हाका एकट्याक कित्याक दवरला?" तिच्या आवाजात थोडा रागच होता.

कवचं, पिल्लं, मात्रा हे सगळं तिला कसं समजावावं, या विचारात मी पडलो. तेवढ्यात कन्या म्हणाली, "आजी, त्याचा सव्वा महिना चालू आहे."

आईनं मान हलवली. मग खाली वाकून तिनं टाकीवर टॉवेल नीट पांघरला आणि नातीला विचारलं, "आणि कितले दीस उरले?"

नातीनं वही उघडली.