धामच्या काठी एक सकाळ

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरांवर आहे. त्यामुळे आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीत माशांचा विषय निघाला, की मालवणकडचे आमचे एक सहकारी आपोआप सभाध्यक्ष होतात आणि आम्ही वैदर्भीय मुकाट्याने श्रोते. गळाला त्यांच्याकडे ‘गरी’ म्हणतात आणि गळ टाकून मासे धरण्याला ‘गरवणे’. भरती चढू लागली की किनाऱ्यावर उभे राहावे. लाटा कोठे फुटतात आणि कोठे न फुटताच आत येतात ते पाहावे. जेथे फुटत नाहीत तेथे वाळूच्या दोन उंचवट्यांमधली खोलगट वाट असते, मासे त्याच वाटेने काठाशी येतात, शिसे नेमके तेथे टाकावे! हे सारे ते खडूने फळ्यावर काढून दाखवतात. “नवशिक्याने पहिला तासभर गरी टाकूच नये, नुसते पाणी पाहावे,” हे त्यांचे आवडते वाक्य; आणि “तुमच्याकडे काय, गुडघाभर पाणी!” हा ठरलेला समारोप.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी मी म्हणालो, “उद्या मीही गळ टाकायला जातो आहे. धाम नदीवर.” सगळे हसले. खरे कारण मी कोणाला सांगितले नव्हते.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे ढिवराचा एक मुलगा होता. बसे शेवटच्या बाकावर. पण निबंध लिहिला, की तो मी घरी नेऊन पुन्हा वाचत असे. महिनाभर तो दिसेना. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख मंगळवार. निरोप धाडला, तर उत्तर आले, “सरांना म्हणावे, मासोळीचा हंगाम आहे, जमणार नाही.” तेव्हा कोरा अर्ज खिशात घातला आणि रविवारी पहाटे स्कूटर काढली.

नागपूर रस्त्याने आठ-दहा किलोमीटरांवर पवनार लागते. पुलावर क्षणभर थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. काळ्याभोर खडकांतून वाट काढणारी धाम, वर टेकाडावर विनोबांचा आश्रम. विनोबा येथे १९३८ साली आले. धाम ओलांडून पलीकडे गेले म्हणून त्या जागेला त्यांनी ‘परंधाम’ नाव दिले. १९५९ मध्ये येथेच भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर उभे राहिले. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी याच पाण्यात विसर्जित झाल्या. त्याहून मागे जायचे, तर वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. अशा जागेवरून मासे मारायला चाललेल्या माणसाने मान खाली घालूनच जायला हवे. मी तशीच घातली.

तेथून दोन कोस खाली एका डोहाच्या काठी बापलेक बसलेले दिसले. मला पाहताच मुलगा उभा राहिला. बाप बसूनच होता, आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाला, “कोण? गुर्जी काय? पोराले न्याले आले?”

“नाही हो,” मी म्हणालो, “गळ टाकायला शिकायला आलो.” निम्मे खोटे होते, पण तेवढ्यावर मला बसायला जागा मिळाली.

“मंग आगुदर इकडं बसा. उन्हाकडं तोंड करा. सावली पान्यावर पडली, का मासा पयते. आन् पाय आपटू नका, त्याले जमिनीतून आयकू येते.”

मालवणचे आणि धामचे पहिले सूत्र एकच निघाले: आधी पाणी पाहा. पावसाचा गढूळपणा बसून पाणी निवळू लागले होते. धारेत मासा दमतो. म्हणून धार जेथे मंदावते, खडकाच्या आड जेथे पाणी गोल फिरते, तेथे तो अन्नाची वाट पाहत थांबतो. मुलाने मला एक काठी दिली. वेळूची, शेंड्याकडे करंगळीहून बारीक. काठीइतकाच लांब नायलॉनचा दोरा, टोकाला गळ, त्याच्या वर मसुराएवढे शिसे, आणि त्याच्याही वर ज्वारीच्या धांड्याचा दोन बोटे लांब तुकडा. हा तुकडा पाण्यावर तरंगतो. खाली काय चालले आहे, ते तोच सांगतो. तो दोऱ्यावर खालीवर सरकवून असा बांधायचा, की गळ तळाला न टेकता वीतभर वर लोंबत राहील. रोहूला कणकेत ढेपेचा चुरा मळून त्याची गोळी, शिंगटीला गांडूळ, मरळीला मात्र जिवंत बेडकी किंवा लहान मासोळी. मरळ वरची हवाही घेते, म्हणून मधूनमधून पाण्यावर येऊन तोंड उघडते. जाणता माणूस त्या जागा मनात टिपून ठेवतो.

माझा धांडा हलला. मी सगळा जीव एकवटून काठी उचलली. गळ रिकामा, गांडूळ गायब.

म्हातारा हसला. “गुर्जी, घाई केली. मासा आगुदर चाखते, मंग गिळते. धांडा नुसता हालला, त हात लावू नका. आडवा होऊन पान्याखाली सरकला, का मंग झटका.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्याची नजर धांड्यावर नव्हतीच. ती भलतीकडेच, पलीकडच्या काठावर कोठेतरी लागली होती. दोरा त्याने तर्जनीवर धरला होता, आणि शेजारी रोवलेल्या दोन काठ्यांकडे पाहून मुलगा हळूच सांगत होता, “बाबा, डावी हालली.” मुलगा वर्गात का दिसत नव्हता, ते मला त्या एका वाक्यात कळले.

तासाभराने माझा धांडा आडवा होऊन सरकला. झटका दिला आणि वीतभर शिंगटी काठावर येऊन पडली. मुलाने काट्यांच्या मागून हुशारीने धरून ती सोडवली. तिचे काटे फार झोंबतात म्हणे. ती तडफडत होती. तुकोबांच्या अभंगातली पाण्यावाचून तळमळणारी मासोळी मी अठरा वर्षे वर्गात शिकवली. समोर पाहिली ती त्या दिवशी. “सोडून देऊ का?” मी विचारले. म्हातारा म्हणाला, “तुमची हाय. तुमाले वाटन तसं करा.” मी ती पाण्यात सोडली. त्याने हसू दाबले असावे.

शिक्षणाचे महत्त्व, ज्ञानाचा दिवा, असे पुष्कळ मी वाटेत घोकून ठेवले होते. त्यांतले काहीच बोललो नाही. विचारले एवढेच, “डोळे कधीपासून असे?”

“दोन वर्सं झाली. पडदा आला म्हनते डागदर. काप म्हनते. मोठा पोरगा पुन्याले कंपनीत. आन् कापून होतं तेवढंबी गेलं त?”

मी सांगितले, की पडदा म्हणजे काही बाहेरून आलेला नसतो. डोळ्यातले भिंगच गढूळ होते, नदीच्या पाण्यासारखे. पण पाणी आपोआप निवळते, भिंग निवळत नाही. म्हणून ते काढून तेथे नवे बसवतात. काम बहुधा अर्ध्या तासाचे. माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांचे झाले आहे. ती आता सुईत दोरा ओवते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय इथून जवळ. मी स्वतः बरोबर येईन.

तो गप्प राहिला. मुलगा पाण्याकडे पाहत राहिला. खिशातला अर्ज काढून मी मुलाच्या डब्याशेजारी दगडाखाली ठेवला आणि उठलो. धांडा नुसता हलला होता; हात लावायची वेळ आलेली नव्हती.

मंगळवारी कार्यालय पाच वाजता बंद होणार होते. साडेचारला मुलगा आला. अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, एक कोपरा ओला. कारकुनाने नाक मुरडले, शिक्का मारला. “बाबांनी पाठवलं,” मुलगा म्हणाला आणि निघून गेला. त्या परीक्षेत त्याचा एक विषय राहिला. पुढल्या खेपेला निघाला.

दिवाळीनंतर आम्ही तिघे सेवाग्रामला गेलो. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा.

यंदा दसऱ्यानंतर मी पुन्हा त्या डोहावर गेलो. मुलगा वर्गात होता. म्हातारा एकटाच तीन काठ्या रोवून बसला होता आणि तिन्ही धांड्यांवर त्याची नजर होती. पायरव ऐकून त्याने मागे पाहिले, मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि म्हणाला,

“गुर्जी तुमीच काय? आवाजावरून मले लय तरणे वाटले होते!”