माकूळ आणि नारू

समुद्र आमच्या बाजारहत्नूरपासून फार दूर. आमचा मासा म्हणजे गोड्या पाण्यातली मरळ, तेलुगूत जिला कोर्रमीनु म्हणतात ती. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात धाकट्या चिरंजीवांनी मुंबईहून बर्फाच्या पेटीतून माकूळ आणले, तेव्हा घरात मोठे कुतूहल होते. साफ करताना सूनबाईंना त्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घातलेले, दोनेक सेंटिमीटरचे पांढरे सूत दिसले. आमच्या सौ.नी पातेले उचलून थेट उकिरड्याची वाट धरली.

हयात महसूल खात्यात गेल्याने पंचनाम्याशिवाय निकाल देणे आम्हांस जमत नाही. आम्ही त्यांना थांबविले. वर्णनावरून ती अ‍ॅनिसाकिस कृमीची अळी असावी. हा कृमी वाढतो देवमासे व डॉल्फिन यांच्या जठरात. त्याची अंडी समुद्रात पडतात, अळ्या आधी कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवांत आणि मग मासळीत व माकुळात जातात. माणूस हा त्यांचा चुकलेला मुक्काम. पण जिवंत अळी जठराच्या भिंतीत शिरली की काही तासांत असह्य कळा येतात. जपानात नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याने कच्चा मासा खाऊन हे भोगले आहे. डॉक्टरांनी दुर्बीण घालून अळी चिमट्याने ओढून काढली. लिंबू, व्हिनेगर यांना ती दाद देत नाही. उणे २० अंशांवर ७ दिवस गोठविणे, नाहीतर आतपर्यंत ६३ अंशांवर शिजविणे, हे खरे उपाय. (घरच्या फ्रीजवर भरवसा नको.) नेदरलँड्सने हेरिंग गोठविण्याची सक्ती १९६८ सालीच केली. एवढे मात्र खरे की मेलेल्या अळीनेही एखाद्याच्या अंगावर पित्त उठते. आमचा रस्सा तर खदखदा उकळणार होता.

सौ.नी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही नारू पाहिला नाहीत."

त्यांच्या वडिलांच्या पोटरीतून निघालेला नारू त्यांनी लहानपणी पाहिला होता. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत असता तो तुटला, पाय चिघळला आणि वडील कायमचे लंगडले. विहिरीचे पाणी फडक्याने गाळले असते तर हे टळते. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा. २००० साली देश नारूमुक्त ठरला. हे आकडे आम्हांस पाठ होते. सासऱ्यांच्या लंगडण्याचे कारण मात्र चाळीस वर्षांत आम्ही कधी विचारले नव्हते.

रस्सा झाला, मुलांनी मिटक्या मारीत खाल्ला. सौ.नी पिठले-भाकरी घेतली. आमच्या नळाला त्या आजही पांढरे फडके बांधतात. त्यावरून आम्ही पुष्कळदा थट्टा केली आहे. आता ते धुऊन वाळत घालण्याचे काम आमच्याकडे आहे.