डब्यातले घड्याळ

प्राणहिता आणि गोदावरी जिथे एकत्र येतात त्या सिरोंच्यात अनेक घरांतून तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही, असा भाषांचा संसार फार पूर्वीपासून सुखाने चालत आला आहे. अलीकडे त्यात आणखी एका भाषेची भर पडली आहे. ती आहे वायफायच्या डब्याची. राउटर, पेरेंटल कंट्रोल, शेड्यूल हे शब्द वडीलधारी मंडळी धीटपणे उच्चारतात. पण प्रत्यक्ष नियम घालायची वेळ आली की मुलालाच हाक मारतात. ज्याच्यासाठी कुलूप आणले त्याच्याच हाती किल्ली जाते, आणि पुढे काही बिनसले की संशयाचे बोटही त्याच्याकडेच वळते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हेच झाले. थोरला मुलगा दहावीत, धाकटी मुलगी सातवीत. रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत मुलांच्या यंत्रांना इंटरनेट मिळू नये, असा नियम वडिलांनी मुलाकरवी डब्यात घालून घेतला. घडले ते विपरीत. मध्यरात्र उलटून गेली तरी सारे चालूच. आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकटी टॅब उघडून शिकवणीला बसली, की साडेअकरापर्यंत काहीच लागेना. थोरल्याने नियम फिरवला, असा निवाडा वडिलांनी देऊन टाकला. मुलगा नाही म्हणाला. त्याचा मोबाइल काढून घेण्यात आला, आणि पितापुत्रांतील बोलणे थांबले. आठवडाभराने आई आमच्याकडे आली. "फादर, तुम्ही दोघांनाही ओळखता. तो खोटं बोलत असेल तर तसं सांगा. पण घरातली ही मुकी जेवणं मला सोसवत नाहीत."

सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्र शिकविले गेले, राउटर नव्हे. परंतु आरोपीची साक्ष काढण्याआधी घटनास्थळ पाहावे, एवढे ज्ञान तेथून खचितच मिळाले होते. शिवाय आमच्या निवासातील डब्याने आम्हांला यापूर्वी बरेच काही शिकविले होते.

डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्ता, नाव आणि सांकेतिक शब्द छापलेला असतो. घरातील कोणत्याही यंत्रावरून तो पत्ता उघडला की डब्याचे अंतरंग दिसते. आम्ही ते उघडले तेव्हा भिंतीवरील घड्याळात रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. डब्याच्या घड्याळात मात्र दुपारचे दोन वाजून चाळीस. फरक नेमका साडेपाच तासांचा! ज्याने शाळेत भूगोल वाचला आहे त्याला हा आकडा ओळखीचा वाटावा. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि हा बिचारा डबा सिरोंच्यात राहून ग्रीनिचची वेळ पाळत होता. ग्रीनिचचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडील पहाटेचे अडीच. तेथील सकाळचे सहा म्हणजे येथील साडेअकरा. धाकटीच्या तक्रारीतला साडेअकराचा आकडा डब्याने अक्षरशः खरा करून दाखविला.

वडिलांनी स्वतः कागदावर बेरीज केली. दोनदा केली.

आम्ही वेळक्षेत्र भारताचे केले, आणि घड्याळ इंटरनेटवरील वेळदर्शक सेवेशी जुळविण्याची सोय सुरू केली. ही दुसरी गोष्ट आपल्या भागात अधिक महत्त्वाची. बहुतेक घरगुती डब्यांत घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. वीज गेली की डबा वेळ विसरतो, आणि वीज परत आली की पुष्कळदा १ जानेवारी १९७० पासून मोजू लागतो, कारण संगणकांच्या एका मोठ्या कुळाची कालगणना त्याच दिवसापासून धरलेली आहे. जोडणी पूर्ववत होऊन खरी वेळ मिळेपर्यंत नऊचा नियम निरर्थक असतो. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सिरोंचेकरांना आम्ही काय सांगावे! डब्याला जोडायची लहान बॅटरी मिळते. ती घेण्यास आम्ही सुचविले.

त्या रात्री मोबाइल मुलाला परत मिळाला. नऊ वाजले, धाकटीचा टॅब थांबला. मुलाचा मोबाइल मात्र चालूच राहिला. वडिलांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरणार नाही.

हे कोडे निराळे होते. डबा प्रत्येक यंत्राला एका सांकेतिक पत्त्याने ओळखतो. पूर्वी हा पत्ता कायमचा असे. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयफोनची चौदावी प्रणाली यांच्यापासून मोबाइल सहसा खरा पत्ता झाकून प्रत्येक जाळ्याला एक बनावट पत्ता देतात, जेणेकरून स्थानकात वा बाजारात कोणी त्यांचा माग काढू नये. नियमात मुलाने मोबाइलच्या माहितीपानावरचा खरा पत्ता प्रामाणिकपणे लिहिला होता. डब्याला दिसत होता दुसराच. बनावट पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते, ही त्याची खूण. घरच्या वायफायपुरता खराच पत्ता वापरावा, अशी निवड मोबाइलमध्ये करता येते. ती केली, आणि मोबाइल थांबला.

एवढ्याने सारे आटोपले असे आम्ही म्हणणार नाही. मोबाइलमध्ये सिमकार्ड आहे, आणि सिमच्या वाटेवर या डब्याची सत्ता चालत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला, आणि दीड तास गावभर दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवण्याची रीत पडली. आम्हांला वडगावची रीत अधिक पसंत आहे. तेथे भोंगा थोरांसाठीही वाजतो.

त्याच रात्री सांकेतिक शब्द बदलायचा ठरला, कारण तळावर छापलेला शब्द वाचायला कोणालाच बंदी नव्हती. तो कोणाकडे ठेवावा यावर थोडी चर्चा होऊन आईकडे ठेवावा असे ठरले. तिने तो शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातला. वडील मुलाला तेलुगूत एवढेच म्हणाले, की दोष गडियारमचा होता. गडियारम म्हणजे घड्याळ. मुलाने मान हलवली, आणि पडद्यावरची यंत्रांची यादी वडिलांपुढे धरून विचारले, "नान्ना, यात तुमचा मोबाइल कुठे आहे?"

"माझा घालायचा नव्हता," वडील म्हणाले; आणि बऱ्याच वेळाने, "दहा वाजताचा घाल."