भारताची एक जागा

ग्रामीण श्रमावरच्या एका अमेरिकी संशोधन-नियतकालिकाच्या संपादक मंडळावर मी काही वर्षं होते. मंडळात तीसेक नावं. निम्म्याहून जास्त अमेरिका-ब्रिटनमधली, मग जर्मनी, ऑस्ट्रेलिया, ब्राझीलचे एकजण, दक्षिण आफ्रिकेच्या एकजणी आणि भारताची मी. काम बिनपगारी. वार्षिक बैठक न्यूयॉर्कच्या दुपारी तीनला, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला. घरची मंडळी झोपलेली असायची, त्यामुळे मी स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलायचे. बोलायची वेळही क्वचितच यायची.

मंडळाची खरी ताकद बैठकीत नसते, परीक्षक निवडण्यात असते. आलेला लेख कोण वाचणार हे ठरलं की लेखाचं नशीब बरंचसं ठरतं. माझ्याकडे बीडच्या ऊसतोड कामगारांवरचा एक लेख आला. विषय होता उचल. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, आगाऊ रक्कम देतो आणि पुढचे पाच-सहा महिने ती जोडी ती फेडत राहते. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. हिशेब जोडीचा आणि व्यवहार बहुधा नवऱ्याशी. लेखकानेही जोडी हेच मोजमापाचं एकक धरलं होतं.

मुख्य संपादकांनी सुचवलेले दोन्ही परीक्षक परदेशी होते. पहिल्याने विचारलं, प्रत्येक बाईची कमाई वेगळी का मोजली नाही? तीच तर तिच्या हातात वेगळी येत नाही! दुसऱ्याला ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली जगभर गाजलेली बातमी ठाऊक होती. लेख तिच्याभोवती पुन्हा लिहावा, अशी त्याची सूचना. शिवाय एकाच जिल्ह्यावरच्या अभ्यासात जगभरच्या वाचकाला काय रस, हा प्रश्न होताच. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका कौंटीमधल्या मांस कारखान्यावरचा लेख आम्ही स्वीकारला होता. त्याच्या शीर्षकात देशाचं नावसुद्धा नव्हतं. हा माझ्या एकटीचा चडफडाट नाही. समाजशास्त्रांतल्या लाखो लेखांची शीर्षकं तपासून २०२२ मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हेच दाखवलं: श्रीमंत देशांवरच्या लेखांत देशाचं नाव गाळलेलं चालतं, बाकीच्यांना आपला पत्ता शीर्षकातच द्यावा लागतो.

मी तिसरी परीक्षक सुचवली. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाई. कारखान्यांच्या तळावर मजुरांच्या कोप्यांमधून हिंडलेल्या, बरंचसं लेखन मराठीत. संगणकप्रणालीने त्यांच्या नावापुढे लाल खूण केली, कारण ईमेल जीमेलचा. त्यामागे कारण आहे, हे मान्य. खोटे ईमेल पत्ते देऊन स्वतःच्याच लेखांचं परीक्षण करण्याचे प्रकार उघडकीस आल्यावर २०१४ मध्ये ‘सेज’ या प्रकाशनसंस्थेने एका नियतकालिकातले साठ लेख मागे घेतले होते. पण आपल्याकडच्या किती महाविद्यालयांत प्राध्यापकाला चालू स्थितीतला संस्थेचा ईमेल मिळतो? मी हमीपत्र लिहिलं, प्राचार्यांची सही आणवली. बाईंनी चार पानी परीक्षण पाठवलं. त्यात खाड्याच्या हिशेबातली एक खरी चूक दाखवलेली होती, जी आम्हा कुणालाच दिसली नव्हती. लेख सुधारून छापला गेला.

पुढे प्रकाशकाची विविधतेची प्रश्नावली आली. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पुढाकाराने २०२० मध्ये अनेक प्रकाशक एकत्र आले आणि पुढे अशी माहिती गोळा करू लागले, आणि ते चांगलंच आहे. मोजल्याशिवाय काही हलत नाही. लिंग विचारलं होतं, वंश विचारला होता. मी ‘स्त्री’ आणि ‘दक्षिण आशियाई’वर खुणा केल्या आणि मंडळाचे दोन रकाने एका फटक्यात सुधारले. जातीचा रकाना नव्हता. माझं आडनाव ऐकून बीडमधला कुठलाही मुकादम माझी जात सांगेल. पुण्यात वाढलेली, दिल्लीत पीएचडी केलेली, ब्राह्मण घरातली बाई म्हणजे भारत, असं त्या प्रश्नावलीने नोंदवून घेतलं. २०२३ मध्ये सिएटल शहराने कायद्याने जातिभेदावर बंदी घातली, तेव्हा जात तिकडच्यांना अगदीच अपरिचित आहे असंही नाही. बैठकीत मी हा रकाना सुचवला. ‘फारच विशिष्ट होईल’ असं उत्तर आलं.

आपल्या घरचं झाकून ठेवायला नको. इथल्या बऱ्याच नियतकालिकांची मंडळं पाहावीत: कुलगुरू, माजी कुलगुरू, प्राचार्य, आणि शोभेला एखादं परदेशी नाव, ज्याला आपण मंडळावर आहोत हे ठाऊक असेलच याची खात्री नाही.

माझी मुदत संपताना मुख्य संपादकांनी ‘भारताच्या जागेसाठी’ नावं मागितली. मी तीन दिली. पहिलं त्या परीक्षक बाईंचं, दुसरं विदर्भातल्या एका दलित अभ्यासकाचं, तिसरं एका आयआयटीतल्या प्राध्यापिकेचं. जागा एक नको, दोन करा, हेही लिहिलं. आठवड्याभरात उत्तर आलं: तिसऱ्या नावाचा बायोडेटा पाठवता का?