हॅलो, सिंहगडावरून बोलतोय!

दोस्तांनो, सिंहगडावर तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहिली असेल, देवटाक्याचं गार पाणी प्यायला असाल. पण गडावर बसून, टेलिफोनशिवाय पुण्यातल्या माणसाशी बोललात का कधी?

आमच्या शेजारचे काका ‘हॅम’ आहेत. म्हणजे हौसेसाठी बिनतारी संच चालवणारे, सरकारी परवाना असलेले! एका रविवारी पहाटे त्यांच्याबरोबर मी आतकरवाडीहून गड चढलो. काकांच्या पिशवीत हातात मावेल एवढा ५ वॅटचा संच होता. घरातल्या एलईडी दिव्याचे वॅटसुद्धा बहुतेकदा याहून जास्त असतात, बरं का! शिवाय खांद्यावर एक बांबू.

“काका, बांबू कशाला?”

“अँटेना बांधायला. आपल्या लहरीची लांबी सुमारे २ मीटर. तिच्या निम्मी, म्हणजे मीटरभर तार पुरते.”

आता तुम्ही विचाराल, एवढं चढायचं कशाला? या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. सपाट मैदानात उभं राहिलं तर क्षितिज जेमतेम ४-५ किलोमीटरवर असतं. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, तर पायथ्याच्या मुलखापासून सुमारे ७०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरून, आड काही नसेल तर क्षितिज ९० किलोमीटरच्याही पलीकडे जातं! संचाची ताकद तीच, फक्त जागा बदलली.

काकांनी आधी कान देऊन ऐकलं. दुसऱ्या कोणाचं बोलणं चालू असताना मध्येच तोंड घालायचं नाही, हा हॅमचा पहिला नियम. मग हाक दिली, “सीक्यू, सीक्यू!” म्हणजे, कोणी आहे का? लगेच पुण्यातून उत्तर आलं, “पाच-नऊ!” आवाज स्पष्ट आणि जोरदार, असा त्याचा अर्थ. थोड्या वेळानं गडाच्या दक्षिणेकडच्या खोऱ्यातून काकांचे दुसरे मित्रही बोलू लागले. गंमत म्हणजे त्या दोघांना एकमेकांचा आवाज येत नव्हता. मध्ये सिंहगड होता ना! आम्हाला मात्र दोघेही ऐकू येत होते.

मग सराव सुरू झाला. खोऱ्यातून निरोप आला, “ब्लँकेट्स, फिफ्टीन.” वही माझ्याकडे होती. मी ऐटीत लिहिलं : ५०.

काकांनी वही पाहिली आणि निरोप परत वाचून दाखवला. पलीकडून उत्तर आलं, “चूक! वन, फाइव्ह.” माझा चेहरा खर्रकन उतरला.

“अरे, म्हणूनच तर सराव,” काका म्हणाले. “आकडा एकेक करून सांगायचा आणि परत वाचून दाखवायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी मदतीला धावली होती. तिथं पंधराचे पन्नास झाले, तर जादा पस्तीस ब्लँकेटं कोणाच्या तरी वाटणीची जातात.”

दुपारी पश्चिमेकडून काळे ढग आले. काकांनी झटकन अँटेना उतरवली. वीज कडाडण्याची चिन्हं दिसताच उंचावर थांबायचं नाही! निरोप घेताना ते म्हणाले, “सेव्हन्टी थ्री.” हॅमच्या भाषेत ७३ म्हणजे शुभेच्छा.

वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की तुम्हालाही या परवान्याची परीक्षा देता येते. मी तर तयारीला लागलोय. तोवर तुम्हा सर्वांना, सेव्हन, थ्री!