बाबांचा खोकला

ऑफिसात बग आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेवटचा बदल काय केला होता? हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा विचारतो. घरी मात्र तो मला सुचलाच नाही!

झालं असं की बाबांना बीपी निघालं आणि डॉक्टरांनी रामिप्रिल सुरू केलं. दोनेक आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. रात्री तर फारच. फोनवर बोलता बोलता ढास लागायची. आईने हळदीचं दूध, ज्येष्ठमध, अडुळसा सगळं करून झालं. मी पुण्यात बसून "धूळ असेल हो" असले सल्ले देत होतो. सिरपच्या तीन बाटल्या संपल्या. मग हळूहळू खोकला गेला. आम्ही खूश!

मागच्या महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा सहज त्यांचं बीपी मोजलं. १७८/१०४. पुन्हा मोजलं, तेच. कपाटात गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली.

"अरे, गोळी बंद केली की खोकला जातो हे मला कळलं होतं. तुला कशाला सांगायचं? तू तिकडे काळजी करत बसला असतास."

म्हणजे बग बाबांनीच शोधला होता. रिपोर्ट तेवढा केला नव्हता. रागवावं की काय करावं, मला कळेना.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी दोन मिनिटांत उलगडा केला. रामिप्रिल जे एन्झाइम अडवतं, तेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिनही मोडत असतं. ते साठलं की काहींना असा खोकला येतो. सिरपने तो जाणार कसा? त्यांनी टेल्मिसार्टन दिलं. ते या एन्झाइमच्या वाटेला जात नाही, म्हणून खोकल्याचा त्रास सहसा होत नाही. शिवाय पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलं, आणि बजावलं, "त्रास झाला तर गोळी बदलू. परस्पर बंद करायची नाही."

आता मी फोनवर "बरे आहात ना?" असं विचारत नाही. त्याचं उत्तर "हो" हेच येतं. "नव्या गोळीनंतर काय वेगळं वाटतंय?" असं विचारतो.

काल मात्र त्यांचाच फोन आला. "अरे, सकाळी उठताना जरा गरगरतंय. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले आधी पलंगावर दोन मिनिटं बस, मग उठ. सोमवारी उभं राहून बीपी मोजणार आहेत. गोळी चालू आहे."

शेवटचं वाक्य मी न विचारता आलं होतं. असो. बरं वाटलं.