खंदकातील छापखाना

समाजाचे मासिक घरी आले की अग्रलेखाआधी बहुतेक जण शेवटची पाने उलटतात. कोणाचा साखरपुडा झाला, कोणाच्या मुलाने पेढी सांभाळावयास घेतली, कोणाचे देहावसान झाले, हे प्रथम वाचले जाते. अशा अंकाचा संपादक वाचकांना नावानिशी ओळखतो आणि वाचकही त्याला ओळखून असतात. एखाद्याचे नाव राहून गेले तर दुसऱ्या दिवशी दारात येऊन विचारणारा माणूस असतो.

लष्करातही अशी घरगुती नियतकालिके असतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ब्रिटिश अभियंता दलाचे नियतकालिक १८७० पासून निघते. आपल्या देशात २ जानेवारी १९०९ रोजी ‘फौजी अखबार’ सुरू झाला. १९५४ मध्ये त्याचे ‘सैनिक समाचार’ झाले आणि पुढे ते मराठीसह १३ भाषांत निघू लागले. ही पत्रे खात्याने सैनिकांसाठी काढलेली. सैनिकांनीच सैनिकांसाठी काढलेल्या पत्राचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र बेल्जियममधील ईपर या गावी, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत घडले.

ईपर हे मूळचे कापडाच्या व्यापाराचे गाव. लोकरी कापडाच्या उलाढालीवर तेथील व्यापाऱ्यांनी मध्ययुगात एवढे भव्य कापडभवन उभारले की राजवाड्यांनी हेवा करावा. १९१४ च्या नोव्हेंबरात तोफांच्या माऱ्याने ते पेटले. त्याच सुमारास हिंदी पलटणीही त्या परिसरात लढत होत्या. ईपरच्या स्मारक-कमानीवर आज त्यांतील जवानांची नावे कोरलेली आहेत. इंग्रज शिपायांना गावाचे नाव नीट उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचे ‘वायपर्स’ करून टाकले.

१९१६ च्या आरंभी शेरवुड फॉरेस्टर्स या पलटणीची १२ वी तुकडी तेथे होती. खंदक खणणे, रस्ते दुरुस्त करणे, काटेरी तारा ठोकणे, असे तिचे काम. पडक्या इमारतींतून उपयोगी सामान गोळा करताना तिला एक छापखाना सापडला. इमारतीचा काही भाग उभा होता आणि उरलेला छापयंत्रावर कोसळला होता. खिळे सर्वत्र विखुरलेले. तुकडीतील एक सार्जंट नागरी आयुष्यात मुद्रक होता. त्याने यंत्र झाडूनपुसून चालते केले. कागद आणि शाई तेथेच मिळाली. उणीव होती ती मजकुराची आणि काही अक्षरांची. इंग्रजीत वारंवार लागणारे खिळे त्या गावच्या छापखान्यात पुरेसे नव्हते, म्हणून एक पान जुळवून छापायचे, खिळे सोडवायचे आणि त्याच खिळ्यांतून पुढचे पान जुळवायचे. जुळाऱ्यांच्या त्या चिकाटीची गणना शौर्यात कोणी केली नसेल. करावयास हरकत नव्हती.

कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स संपादक झाला, लेफ्टनंट जॅक पिअर्सन उपसंपादक. १२ फेब्रुवारी १९१६ रोजी ‘वायपर्स टाइम्स’चा पहिला अंक निघाला. प्रती १००.

अंकात वीरगाथा जवळजवळ नव्हती. होत्या त्या जाहिराती, आणि त्या वाचताना व्यापारी माणसाला हसू आवरणार नाही. ज्या टेकडीसाठी हजारो माणसे मेली होती, ती ‘हिल ६०’ घरबांधणीसाठी विक्रीस काढली होती; हवा उत्साहवर्धक, शहराचे दर्शन उत्तम, असे तिचे वर्णन. छप्पर उडालेले कापडभवन नाट्यगृह म्हणून जाहीर झाले आणि ते गावातील सर्वांत हवेशीर असल्याची ग्वाही देण्यात आली. दुसऱ्या एका जाहिरातीत आशावाद हा रोग मानून त्यावर उपचार सुचवला होता. लवकरच विजय मिळेल असे वाटणे हे त्याचे लक्षण. मायदेशी बसून शत्रूच्या हानीचे हिशेब मांडणाऱ्या प्रसिद्ध लेखकांची नावे उलटीसुलटी करून त्यांचीही खोडी काढली जाई. कवितांचा मात्र एवढा पूर आला की संपादकाने साथीच्या रोगासारखी त्याची तक्रार छापली.

ही थट्टा क्रूर वाटेल, पण तिचे पथ्य सूक्ष्म आहे. लांबून तीच जाहिरात लिहिणारा निर्दय ठरला असता. येथे लिहिणारा, खिळे जुळवणारा आणि वाचणारा, तिघेही एकाच तोफेच्या टप्प्यात होते. अंक हाती पडेपर्यंत वाचक हयात असेलच याची खात्री संपादकास नव्हती. संपादकाची खात्री वाचकास नव्हती. खोटा दिलासा देणे सोपे होते. घरच्या वृत्तपत्रांतून तो रोज मिळत होता आणि त्यावर खंदकात कोणी विश्वास ठेवत नव्हते. या पत्रावर विश्वास बसला, कारण ते खोटे बोलले तर ते लगेच ओळखणारीच मंडळी ते वाचत होती.

पहिले यंत्र पुढे तोफगोळ्याने उद्ध्वस्त झाले. दुसरे शोधले गेले. तुकडी हलली की पत्राचे नाव बदले: ‘केमेल टाइम्स’, ‘सोम टाइम्स’, ‘बी. ई. एफ. टाइम्स’. १९१८ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्याने मोठी चढाई केली आणि अंक थांबले. युद्धविरामाच्या महिन्यात ते पुन्हा निघाले तेव्हा शीर्षक होते ‘बेटर टाइम्स’, बरे दिवस. एरवी थट्टेवाचून न बोलणाऱ्या रॉबर्ट्सने त्या डिसेंबरच्या शेवटच्या अंकात गंभीर स्वर लावला. युद्ध संपल्याचे प्रत्यक्ष आघाडीवर राहिलेल्यांना मुळीच दुःख नाही, त्याच्या वैभवाविषयीचे भ्रम आता उरलेले नाहीत आणि मनुष्यजातीवर कोसळू शकणारी सर्वांत हीन आपत्ती म्हणूनच ते युद्धाला ओळखतात, असे त्याने लिहिले. शौर्याचे पदक मिळवलेल्या माणसाचे हे शब्द होते.

पुढे रॉबर्ट्स कॅनडात गेला. १९६४ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. पिअर्सनने अर्जेंटिनात हॉटेल चालवले. पत्राचे अंक १९३० मध्ये एकत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ईपरच्या लोकांनी कापडभवन जुन्या रूपात पुन्हा बांधले, आणि ते बांधावयास त्यांना कित्येक दशके लागली.